पॅकेट वायरवर गेलं, पण ऐकलं कुणी? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात टीसीपीडंप या प्रोग्रॅमने नेटवर्कवरची पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे, पकडून पीकॅप फाईलमध्ये (पॅकेटं साठवायचा फाईलचा प्रकार) कशी ठेवायची ते लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांचा प्रश्न एकच, पकडलेलं परत इथरनेटवर सोडायचं तर त्यात काय काय बदलायचं. तुमचे प्रश्न वाचताना एक गोष्ट जाणवली, सगळे जण पाठवणाऱ्या मशीनकडे बघत बसलेत, आणि घोटाळा जवळजवळ प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याच्या बाजूला आहे. म्हणून मी प्रत्येकाला आधी हेच विचारणार आहे की समोर ऐकणारा कोण आहे, कारण काय बदलायचं आणि काय अजिबात हलवायचं नाही हे त्याच्यावरच ठरतं.

नाशिकहून एक वाचक: ताई, कस्टमरच्या साईटवरून राऊटर-स्विचचे सिसलॉग मेसेज (उपकरणं स्वतःच्या घडामोडी कळवतात ते) पकडून आणले, यूडीपी पोर्ट ५१४. लॅबमध्ये टीसीपीरिप्लेने, म्हणजे पकडलेली पॅकेटं परत सोडणाऱ्या प्रोग्रॅमने, सोडतोय, तो म्हणतो सगळी पॅकेटं गेली, फेल शून्य. कलेक्टरच्या, म्हणजे हे मेसेज गोळा करणाऱ्या, मशीनवर टीसीपीडंप लावला तर पॅकेटं येताना दिसतात पण कलेक्टरमध्ये एक ओळ पण उमटत नाही. दोन दिवस गेले यात, काय चुकतंय?

टीसीपीडंपमध्ये दिसतंय ना, मग मशीनला मिळालं, असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. टीसीपीडंप चालू झाला की नेटवर्क कार्ड प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये जातं, म्हणजे माझ्या नावाचं असो नसो, येईल ते आत घे. तुमच्या फाईलमधल्या प्रत्येक फ्रेमचे पहिले ६ बाइट म्हणजे कस्टमरकडच्या कुठल्यातरी कार्डाचा मॅक ॲड्रेस, त्या कार्डाचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता. तुमच्या लॅबच्या स्विचला तो मॅक माहीत नाही, म्हणून तो फ्रेम सगळ्या पोर्टवर सोडून देतो, ती कलेक्टरपर्यंत येते, टीसीपीडंप ती दाखवतो, आणि त्याच क्षणी लिनक्स कर्नल बघतो की हा मॅक माझा नाही, दुसऱ्याचं पत्र आहे, आणि आयपीच्या पायरीवर टाकून देतो. एरर नाही, लॉग नाही, काही नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे टीसीपीरीराइटमध्ये (फाईलमधले पत्ते बदलणारा जोडीचा प्रोग्रॅम) ‘एनेट-डीमॅक’ पर्याय देऊन कलेक्टरच्या कार्डाचा मॅक घाला. मध्ये राऊटर असेल तर राऊटरच्या तुमच्या बाजूच्या पोर्टचा मॅक घाला, कलेक्टरचा नाही, हे पण बऱ्याच जणांचं चुकतं. दुसरं, डेस्टिनेशन आयपी. फाईलमध्ये समजा १०.२०.०.५ आहे आणि तुमचा कलेक्टर १९२.१६८.५०.१० वर आहे, तर ‘डीएसटीआयपीमॅप’ देऊन तेवढाच एक पत्ता बदला. किंवा याहून सोपं, लॅबच्या कलेक्टरला तात्पुरता १०.२०.०.५ हाच जास्तीचा पत्ता देऊन टाका म्हणजे आयपीला हातच लावायला नको. मला हा दुसरा रस्ता जास्त आवडतो, जेवढं कमी बदलाल तेवढं नंतर कमी शोधावं लागतं.

सोर्स आयपी मात्र शक्यतो बदलू नका. सिसलॉगमध्ये कुठल्या राऊटरने काय सांगितलं हे कलेक्टर बऱ्याचदा सोर्स आयपीवरूनच ओळखतो, ते सगळे एकाच आयपीवर आणलेत तर चाळीस राऊटरचा एक राऊटर होईल आणि टेस्टला काही अर्थ उरणार नाही. पण सोर्स तसाच ठेवला की तिसरी अडचण येते, रिव्हर्स पाथ फिल्टर, म्हणजे लिनक्समधली ‘आरपी-फिल्टर’ सेटिंग. कर्नल बघतो की ज्या पत्त्याकडून हे पॅकेट आलं त्याला उत्तर द्यायचं झालं तर मी याच इंटरफेसने पाठवेन का, नाही तर पॅकेट गुपचूप टाकतो. १ म्हणजे कडक, २ म्हणजे सैल, ० म्हणजे बंद. रेड हॅट घराण्यात साधारण १ असतं. आणि लॅबच्या मशीनला बऱ्याचदा डिफॉल्ट राऊट दिलेलाच नसतो, मग सैल मोडमध्ये पण तो पत्ता कुठूनच पोचण्यासारखा नाही म्हणून पॅकेट जातं. लक्षात ठेवा, ‘ऑल’ची किंमत आणि त्या इंटरफेसची किंमत यातली मोठी धरली जाते, त्यामुळे नुसत्या इंटरफेसवर ० करून चालत नाही, दोन्हीकडे करावं लागतं. हे फक्त लॅबच्या मशीनवर करा. शंका असेल तर ‘लॉग-मार्शन्स’ चालू करून कर्नलचा लॉग बघा, टाकलेली पॅकेटं तिथे दिसायला लागतील.

एक कळकळीची विनंती, हे सगळं वेगळ्या स्विचवर करा, ऑफिसच्या चालू नेटवर्कवर नको. सुरुवातीच्या काळात मी एका ठिकाणी कामाला होते, तिथे एक कॅप्चर न गाळता तसंच ऑफिसच्या नेटवर्कवर सोडलं. त्यात दुसऱ्या साईटचे एआरपी होते, ‘१९२.१६८.१.१ म्हणजे मी’ असं सांगणारे, आणि आमचा गेटवे पण नेमका १९२.१६८.१.१. सगळ्यांच्या मशीनने तो जुना मॅक लक्षात ठेवला आणि मजल्यावरचं इंटरनेट गेलं, कारण कळायला अर्धा दिवस लागला. तेव्हापासून माझी सवय आहे, रिप्ले करण्याआधी फाईल टीसीपीडंपनेच परत वाचायची आणि एआरपी, डीएचसीपी, स्पॅनिंग ट्री सगळं गाळून फक्त हवं तेवढं नव्या फाईलमध्ये लिहायचं. तुम्हाला यूडीपी ५१४ पाहिजे ना, मग बाकी एक बाइट पण वायरवर जायला नको.

कोल्हापूरहून एक वाचक: मी ‘एनी’ इंटरफेसवर (म्हणजे मशीनच्या सगळ्या कार्डांवर एकदम) पकडलेली फाईल आहे, टीसीपीरिप्ले ती घेतच नाही, लिंक टाइपची तक्रार करतो. फाईल खराब झाली का?

नाही हो, फाईल चांगली आहे. पीकॅप फाईलच्या सुरुवातीला २४ बाइटचं हेडर असतं, त्यात एक आकडा असतो की आतली पॅकेटं कुठल्या जातीची आहेत. इथरनेट म्हणजे १. ‘एनी’वर पकडलं की लिनक्स खरं इथरनेट हेडर ठेवत नाही, त्याच्या जागी स्वतःचं ‘कुक्ड’ हेडर लावतो, लिंक टाइप ११३, लांबी १६ बाइट, आणि त्यात डेस्टिनेशन मॅक नसतोच. जे नाही ते इथरनेटवर कसं पाठवणार? म्हणून टीसीपीरीराइटला ‘डीएलटी’ पर्यायात ‘एनेट’ सांगायचं आणि सोबत सोर्स आणि डेस्टिनेशन दोन्ही मॅक आपण द्यायचे, मग तो १४ बाइटचं नवीन इथरनेट हेडर तयार करतो.

नवीन टीसीपीडंप ‘एनी’वर कुक्डची दुसरी आवृत्ती लिहितो, तिचा आकडा २७६ आणि हेडर २० बाइटचं. तुमचं रीराइट त्याच्यावर अडलं तर पकडतानाच ‘वाय’ पर्यायाने जुनी लिनक्स-एसएलएल जात मागा. आणि खरं सांगू का, रिप्ले करायचंय हे आधीपासून माहीत असेल तर ‘एनी’ वापरूच नका, नाव घेऊन एका इंटरफेसवर पकडा. वायरशार्कने सेव्ह केलेली फाईल पीकॅप-एनजी असते, ती आधी एडिटकॅपने साध्या पीकॅपमध्ये करून घ्या म्हणजे ती एक कटकट जाते.

ठाण्याहून एक वाचक: आम्ही सुरिकाटा (नेटवर्कवरचे हल्ले ओळखणारा प्रोग्रॅम) टेस्ट करतोय. मूळ फाईल रिप्ले केली की अलर्ट येतो. तीच फाईल, पत्ते बदलून १०.१०.१.१ आणि १०.१०.१.२ केले की अलर्ट गायब. पेलोड, म्हणजे आतला डेटा, तर तोच आहे, मग?

हा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं कारण मूळ फाईल आधी चालवून बघितलीत, त्यामुळे अर्धं काम झालंय. तुमचा ऐकणारा म्हणजे बाजूला उभा राहून दुसऱ्यांचं बोलणं ऐकणारा आहे, त्याला कुणाच्या मॅकशी घेणंदेणं नाही, पण कोण घरातलं आणि कोण बाहेरचं याच्याशी खूप आहे. बरेच रूल ‘होम-नेट’कडून ‘एक्स्टर्नल-नेट’कडे किंवा उलट असेच लिहिलेले असतात. सुरिकाटाच्या मूळ सेटिंगमध्ये होम-नेट म्हणजे १९२.१६८.०.०/१६, १०.०.०.०/८ आणि १७२.१६.०.०/१२, आणि एक्स्टर्नल म्हणजे जे होम नाही ते. तुम्ही दोन्ही टोकं १०. मध्ये आणलीत, म्हणजे हल्ला करणारा पण घरातला झाला आणि रूल लागू होण्याचा प्रश्नच संपला. बाहेरच्या टोकाला १९८.५१.१००.७ किंवा २०३.०.११३.७ असलं काहीतरी द्या, हे पट्टे कागदपत्रांत उदाहरणं द्यायला राखून ठेवलेत, खऱ्या कुणाचे नाहीत, त्यामुळे चुकून बाहेर गेले तरी कुणाच्या दारात जाणार नाहीत.

दुसरं, चेकसम, म्हणजे पॅकेट बिघडलं नाही ना हे तपासायचा आकडा. टीसीपी आणि यूडीपीचा चेकसम नुसत्या डेटाचा नसतो, त्यात सोर्स आणि डेस्टिनेशन आयपी पण मोजलेले असतात. आयपी बदलला की आयपी हेडरचा चेकसम आणि आतला टीसीपीचा चेकसम दोन्ही बदलायला लागतात. सुरिकाटा चुकीच्या चेकसमचं पॅकेट स्ट्रीम, म्हणजे एका कनेक्शनची सलग पॅकेटं, जोडताना धरत नाही, आणि स्ट्रीम जुळली नाही तर आतला पेलोड त्याला दिसणार कुठून. म्हणून टीसीपीरीराइटला ‘फिक्ससीसम’ नेहमी द्या. मूळ कॅप्चर पाठवणाऱ्या मशीनवरच घेतलं असेल तर पत्ते न बदलता पण चेकसम चुकीचे दिसतात, कारण हल्ली तो हिशेब नेटवर्क कार्ड करतं आणि टीसीपीडंप पॅकेट पकडतो ते कार्डाकडे जायच्या आधी. वायरशार्कमध्ये टीसीपीच्या चेकसमची तपासणी मुळात बंद असते, ती चालू केल्याशिवाय तुम्हाला हे दिसणारच नाही.

दोन दिशा वेगळ्या करायला टीसीपीप्रेप वापरत असाल, म्हणजे क्लायंटची पॅकेटं कुठली आणि सर्व्हरची कुठली याची कॅश फाईल आधी बनवायची आणि मग ‘एंडपॉइंट्स’ द्यायचे, तर एक जागा सांभाळा. मॅकची जोडी देताना पहिला मॅक सर्व्हरकडून क्लायंटकडे जाणाऱ्या पॅकेटांना लागतो, दुसरा उलट दिशेला. सगळ्यांना वाटतं क्लायंट पहिला. नवीन फाईल वायरशार्कमध्ये उघडून पहिली तीन पॅकेटं डोळ्यांनी बघा, सिन, म्हणजे कनेक्शन सुरू करणारं पहिलं पॅकेट, कुठून कुठे जातंय, बस.

आणि नुसते रूल लागतात का एवढंच बघायचं असेल तर वायरवर सोडायची गरजच नाही. सुरिकाटाला ‘आर’ पर्यायाने पीकॅप फाईल थेट वाचायला द्या, चेकसमची तपासणी ‘के नन’ देऊन बंद करता येते. कार्ड, स्विचचा मिरर पोर्ट (जिथे ट्रॅफिकची प्रत मिळते), वेग, पॅकेट ड्रॉप हे सगळं धरून तपासायचं असेल तेव्हाच रिप्ले करा.

छत्रपती संभाजीनगरहून एक विद्यार्थी: ताई, माझ्या प्रोजेक्टसाठी मी माझ्याच लॅपटॉपवर वेबसर्व्हर टाकलाय. लॉगिन करतानाचं कॅप्चर घेतलं, मॅक, आयपी, चेकसम सगळं बरोबर बदललं, वायरशार्कमध्ये एकही चूक नाही. तरी सर्व्हर लॉगिन दाखवत नाही, रिसेट, म्हणजे कनेक्शन तोडणारं पॅकेट, पाठवतो. आणि रिप्ले त्याच लॅपटॉपवरून केलं तर तेवढं पण होत नाही.

आधी शेवटचं सांगते कारण ते लवकर संपतं. टीसीपीरिप्ले पॅकेट सोडतो ते मशीनच्या टीसीपी-आयपी स्टॅकच्या खाली, कार्डाच्या ड्रायव्हरजवळ, त्यामुळे त्याच मशीनवरच्या सर्व्हरला ते पॅकेट दिसतच नाही, ते थेट बाहेर जातं. दुसरं मशीन घे, नाहीतर लिनक्समध्ये नेटवर्क नेमस्पेस (त्याच मशीनमधलं वेगळं नेटवर्क) करून व्हेथची जोडी (दोन टोकांची आभासी केबल) लाव, एका टोकाला रिप्ले आणि दुसऱ्या टोकाला सर्व्हर.

आता रिसेटचं. तू सगळं बरोबर केलंस, आणि तरी हे चालणार नाही, ते का नाही हे समजलं तर तुझा प्रोजेक्ट तिथेच अर्धा झाला म्हण. टीसीपीत सुरुवातीला तीन पॅकेटं होतात. तू सिन पाठवतोस, सर्व्हर सिन-ॲक पाठवतो आणि त्यात स्वतःचा एक सुरुवातीचा सीक्वेन्स नंबर देतो, मग तू त्यात एक मिळवून ॲक देतोस. हा नंबर ३२ बिटचा, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ शक्यता, आणि सर्व्हर तो प्रत्येक कनेक्शनला असा ठरवतो की बाहेरच्याला अंदाज येऊ नये. तुझ्या फाईलमधलं तिसरं पॅकेट कालच्या नंबरला ॲक देतंय. सर्व्हरने आज वेगळा नंबर दिलाय. तो बघतो, हे मी दिलेलंच नाही, आणि रिसेट पाठवतो. टीसीपीरिप्ले उत्तर वाचत नाही, तो फाईलमधलं पुढचं पुढचं पाठवत राहतो, समोरचा काय म्हणाला याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यात भर म्हणजे तुझ्या रिप्लेच्या मशीनचा कर्नल सर्व्हरचं सिन-ॲक बघतो, त्याने तर काही उघडलेलं नसतं, म्हणून तो पण आपल्या बाजूने रिसेट पाठवतो.

हे नंबर पूर्वी ओळखता येण्यासारखे असायचे. १९८५ मध्ये बेल लॅब्जमध्ये रॉबर्ट मॉरिस यांनी ४.२ बीएसडीतली ही कमजोरी लिहून दाखवली, उत्तर न बघता सुद्धा दुसऱ्याच्या नावाने कनेक्शन उभं करता येतं असं. त्यावरचा उपाय, प्रत्येक कनेक्शनचा नंबर गुप्त किल्ली घालून काढायचा, हा १९९६ च्या आरएफसी १९४८ मध्ये आला. म्हणजे तुझं रिप्ले ज्याच्यामुळे अडतंय तेच तुझ्या सर्व्हरचं संरक्षण आहे, आणि ते अडलं नसतं तर मला काळजी वाटली असती.

तुला खरंच टीसीपीवरच करून बघायचं असेल तर टीसीपीरिप्लेच्याच संचात टीसीपीलाइव्हप्ले आहे, फक्त लिनक्सवर. तो सर्व्हरचं सिन-ॲक वाचतो, नवीन सीक्वेन्स नंबर घेतो आणि फाईलमधल्या पुढच्या पॅकेटांचे सीक्वेन्स-ॲक त्याप्रमाणे बदलत जातो. त्याला एकच टीसीपी कनेक्शन असलेली फाईल दे, आणि कर्नलचे रिसेट बाहेर जाऊ नयेत म्हणून आयपीटेबल्समध्ये त्या सर्व्हरकडे जाणारे आरएसटी ड्रॉप करणारा नियम टाक. साधं एचटीटीपी असेल तर चालून जाईल, पण लॉगिनमध्ये सेशन कुकी किंवा एकदाच चालणारं टोकन असेल तर सर्व्हर तिथे नाही म्हणणार. आणि एचटीटीपीएस असेल तर हा नाद सोड, टीएलएसमध्ये दोन्ही बाजू दर वेळी नवीन रँडम आकडे देतात, जुनं एन्क्रिप्ट केलेलं नवीन किल्लीने उघडणार नाही. वेबसर्व्हरवर लोड टाकायचा एवढाच हेतू असेल तर रिक्वेस्ट बाहेर काढून कर्ल या कमांडने परत पाठव. ते वरच्या पायरीवरचं काम आहे, पॅकेटच्या पायरीवर उतरून ते उगाच अवघड करू नकोस. आणि हे सगळं तुझ्याच सर्व्हरवर, दुसऱ्या कुणाच्याही नाही.

सांगलीहून एक वाचक: रिप्ले मध्येच थांबतो, ‘मेसेज टू लाँग’, एरर ९०. काही पॅकेटं २० हजार बाइटच्या वर आहेत. इथरनेटवर एवढं मोठं पॅकेट आलं कसं?

आलंच नव्हतं. वायरवर १५१४ बाइटच्याच फ्रेम होत्या, कार्डाने आणि कर्नलने मिळून त्या जोडून वर दिल्या, किंवा पाठवताना वरून एक मोठा तुकडा देऊन तोडायचं काम कार्डावर टाकलं, आणि टीसीपीडंपने तो जोडलेला तुकडा लिहून ठेवला. पुढच्या वेळी पकडायच्या आधी ईथटूलने टीएसओ, जीएसओ, जीआरओ, एलआरओ या जोडा-तोडीच्या चारही सोयी बंद करा. त्याहून चांगलं म्हणजे तिसऱ्या मशीनवर, मिरर पोर्टवर पकडा, पण तिथे पण जीआरओ बंद पाहिजेच.

हातात असलेल्या फाईलचं काय, तर टीसीपीरीराइटचा ‘एमटीयू-ट्रंक’ जास्तीचा भाग कापून टाकतो, पण मग डेटा गेला, सुरिकाटासारख्याला किंवा ॲप्लिकेशनला ते चालणार नाही. डेटा ठेवायचा असेल तर स्केपीत (पॅकेटं हाताळायची पायथनची लायब्ररी) छोटी स्क्रिप्ट लिहावी लागेल, पेलोडचे १४६० बाइटचे तुकडे करायचे, टीसीपी हेडरमध्ये टाइमस्टॅम्प असेल तर १४४८ चे, प्रत्येक तुकड्याला सीक्वेन्स नंबर तेवढा पुढे सरकवायचा, पुश आणि फिन हे झेंडे फक्त शेवटच्या तुकड्यावर ठेवायचे, लांबी आणि चेकसमचे रकाने डिलीट करायचे म्हणजे स्केपी लिहिताना नवीन हिशेब करतो. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि एकदा लिहिली की ती स्क्रिप्ट पुढे बरीच वर्षं उपयोगी पडते. उलट बाजूने, पकडताना स्नॅपलेन (प्रत्येक पॅकेटचे किती बाइट ठेवायचे तो आकडा) कमी ठेवून पॅकेट अर्धवट पकडलं असेल तर मात्र हरवलेला डेटा कुठूनच परत येत नाही. ‘फिक्सलेन’ने शून्य भरता येतात किंवा ती पॅकेटं काढून टाकता येतात, तेवढंच.

मुंबईहून एक वाचक: ब्रोकरकडे काम करतो. बाजाराच्या भावांचा मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना जाणारा) फीड पकडून टेस्टच्या मशीनवर सोडायचाय. एनेट-डीमॅक दिला, आयपी तसाच ठेवला, आमचा प्रोग्रॅम गप्प. आणि एकदा चाललं तेव्हा दुसऱ्या फेरीला परत गप्प.

इथे वर नाशिकच्या वाचकांना दिलेलं उत्तर उलटं होतं बघा. मल्टिकास्टचा मॅक कुणा एका कार्डाचा नसतोच, तो आयपीवरूनच निघतो, पुढे ०१:००:५ई आणि मागे ग्रुपच्या आयपीचे शेवटचे २३ बिट. २३९.१.२.३ चा मॅक ०१:००:५ई:०१:०२:०३. तुम्ही एनेट-डीमॅक देऊन त्याच्यावर टेस्ट मशीनचा मॅक लिहिलात. तो पर्याय काढा, आणि फाईलमध्ये युनिकास्ट पण असल्यामुळे द्यायचाच असेल तर ‘स्किपएलटू-ब्रॉडकास्ट’ सोबत द्या म्हणजे ब्रॉडकास्ट, मल्टिकास्टला हात लागणार नाही. ग्रुप बदलायचा असेल तर आयपी बदलून मॅक आपोआप बदलत नाही, तो पण तुम्हालाच द्यायचाय.

मग स्विच. आयजीएमपी स्नूपिंग चालू असेल तर ज्या पोर्टवरून कुणी ग्रुप जॉइन केलाय तिथेच फीड जातो. तुमचा प्रोग्रॅम जॉइन करतो, पण लॅबमध्ये ‘ग्रुप अजून कुणाला हवाय का’ अशी क्वेरी विचारणारं कुणी नसलं तर स्विच थोड्या वेळाने ती नोंद विसरतो आणि फीड मध्येच बंद पडतो, दोन-चार मिनिटं चालून थांबत असेल तर हेच धरा. लॅबच्या स्विचवर क्वेरियर चालू करा किंवा स्नूपिंग बंद. मध्ये राऊटर असेल तर टीटीएल (पॅकेट किती टप्पे जाऊ शकतं तो आकडा) बघा, फाईलमध्ये १ असेल तर राऊटर पुढे पाठवणार नाही. आरपी-फिल्टर मल्टिकास्टला पण लागू आहे, वर लिहिलंय ते इथे पण करा.

दुसऱ्या फेरीचं कारण नेटवर्कमध्ये नाही. अशा फीडमध्ये प्रत्येक मेसेजला आतच क्रमांक असतो, तुमच्या प्रोग्रॅमने पहिल्या फेरीत शेवटपर्यंतचे क्रमांक बघितले, आता परत पहिल्यापासून यायला लागले तर तो म्हणतो हे जुनं, आणि टाकतो, आणि बरोबर करतो. प्रत्येक फेरीआधी प्रोग्रॅम नव्याने चालू करा. वेग मुद्दाम ठरवा, टीसीपीरिप्ले मुळात फाईलमधल्या वेळेप्रमाणेच सोडतो, ‘मल्टिप्लायर’ने दुप्पट-चौपट करता येतो, ‘टॉपस्पीड’ दिलात तर बाजार उघडतानाची गर्दी पण त्याच्यापुढे काही नाही आणि रिसीव्ह बफर भरून पॅकेटं गळतील. नेटस्टॅटच्या यूडीपीच्या आकड्यांत ‘रिसीव्ह बफर एरर’ वाढतोय का ते बघत राहा, नाहीतर प्रोग्रॅममध्ये नसलेला बग शोधत बसाल.

मडगावहून एक वाचिका: आयपी फोनचं, एसआयपीचं (कॉल जोडायचा प्रोटोकॉल) कॅप्चर. पत्ते बदलले, पोर्ट बदलले, तरी आवाज जुन्याच पत्त्यावर जायला बघतो.

कारण पत्ता दोन ठिकाणी लिहिलेला आहे. एक आयपी हेडरमध्ये, तो टीसीपीरीराइट बदलतो. दुसरा मेसेजच्या मजकुरात, व्हाया, कॉन्टॅक्ट आणि एसडीपीमधल्या (आवाज कुठे पाठवायचा ते सांगणारा भाग) ‘सी’च्या ओळीत, साध्या अक्षरांत, आणि त्याला टीसीपीरीराइट हात लावत नाही. एफटीपीच्या ‘पोर्ट’ कमांडचं पण असंच. स्केपीने पेलोडमध्ये शोधून बदला, पण १०.१.१.५ च्या जागी १९२.१६८.५०.१० घातलं की अक्षरं वाढतात, मग कंटेंट-लेंग्थ बदला, यूडीपीची लांबी बदला, आयपीची लांबी बदला, चेकसम परत काढा. तेवढ्याच अक्षरांचा नवीन पत्ता निवडलात तर यातल्या लांबीच्या तिन्ही भानगडी वाचतात, लॅबचे पत्ते आपल्याच हातात असतात तर तसे का निवडू नयेत! एसआयपी टीसीपीवर असेल तर लांबी बदलली की पुढचे सगळे सीक्वेन्स नंबर पण सरकवावे लागतात, तिथे तर समान लांबीचाच पत्ता घ्या.

सोलापूरहून एक वाचक: हॉस्पिटलच्या नेटवर्कचं काम बघतो. व्हेंडर म्हणतोय, प्रॉब्लेम आमच्याकडे रिप्ले करून बघतो, कॅप्चर पाठवा. ‘सीड’ पर्यायाने सगळे आयपी बदलले की पाठवलं तर चालेल ना?

नाही, कृपा करून असं पाठवू नका. सीडने आयपी ॲड्रेस रँडम होतात, कोण कुणाशी बोलतोय ते नातं टिकतं, इथपर्यंत ठीक. पण पेलोड जसाच्या तसा राहतो. हॉस्पिटलमध्ये आतल्या आत किती गोष्टी एन्क्रिप्ट न करता चालतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, लॅबचे रिपोर्ट, एक्स-रेच्या फाईलींवर पेशंटचं नाव आणि जन्मतारीख, कुठेतरी आधार नंबर, कुणाचा पासवर्ड. ज्या माणसाने दवाखान्यावर विश्वास ठेवून रक्त तपासायला दिलं त्याचा रिपोर्ट तुमच्या ईमेलमधून बाहेर जातोय हे त्याला कधी कळणार पण नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी माझं उत्तर हेच असतं.

व्हेंडरला आधी विचारा की तुमचं ऐकणारं उपकरण कुठल्या पायरीपर्यंत बघतं. स्विच किंवा फायरवॉलचा प्रश्न असेल आणि त्याला हेडरच पुरत असतील, तर स्केपीने यूडीपी-टीसीपीच्या पुढचे सगळे बाइट शून्याने भरा, लांबी तीच ठेवा, चेकसम नवीन काढा, रिप्लेला ते पूर्ण चालतं. डीएनएसची नावं, डीएचसीपीतली मशीनची नावं, मॅक ॲड्रेस हे पण विसरू नका, ‘डॉक्टर अमुक यांचा पीसी’ असं मशीनचं नाव असतं बऱ्याच ठिकाणी. मॅकसाठी ०२ ने सुरू होणारे पत्ते वापरा, ते सहसा कुठल्याच कंपनीच्या नावावर नसतात. पेलोड बघितल्याशिवाय जमणारच नाही असं व्हेंडर म्हणाला तर त्यांच्या माणसाला तुमच्याकडे बोलवा, तुमच्याच स्विचवर, तुमच्यासमोर रिप्ले करू दे, आणि फाईल तुमच्याच मशीनवर राहू दे.